कोकणातील कुटुंबासाठी आरोग्य विमा: रुग्णालय आधी ठरवावे, पॉलिसी नंतर

आरोग्य विम्याचा विषय निघाला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न हप्त्याचा विचारला जातो. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्या कुटुंबाने मात्र त्याआधी दुसरा प्रश्न स्वतःला विचारावा. रात्री दोन वाजता घरातील माणसाच्या छातीत कळ आली, तर पहिले उपचार कुठे होतील आणि तेथून पुढे त्याला कोणत्या रुग्णालयात हलवावे लागेल? सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले या भागांतील गंभीर रुग्ण बहुधा गोव्यात बांबोळीला नेले जातात. कणकवली-वैभववाडीकडचे घाट चढून कोल्हापूर गाठतात, तर रत्नागिरी-लांज्याचे रुग्ण आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटरवरील कोल्हापूरलाच जातात. चिपळूण-खेडच्या लोकांना डेरवणचे रुग्णालय जवळ पडते आणि त्यापुढे कुंभार्ली घाटाने कऱ्हाड. महाड, माणगाव, अलिबागचा ओढा पनवेल, नवी मुंबई आणि मुंबईकडे असतो. अलीकडच्या काही वर्षांत अलिबाग, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाल्यामुळे हे चित्र हळूहळू बदलत आहे, तरीही हृदय, मेंदू, कर्करोग आणि मोठे अपघात यांसाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची वेळ आजही येते.

म्हणून कोणतीही योजना किंवा पॉलिसी पाहण्याआधी एका कागदावर तीन नावे लिहावीत: तालुक्यातील रुग्णालय, जिल्ह्यातील रुग्णालय आणि जिल्ह्याबाहेरचे रुग्णालय. पुढे प्रत्येक पर्याय या तीन नावांवर पडताळून पाहायचा आहे. ज्या विम्याचा या तिन्ही ठिकाणी उपयोग होत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी त्या कुटुंबाच्या कामाचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिधापत्रिका आणि आधार: पैसे न लागणारे, पण सर्वांत दुर्लक्षित काम

महाराष्ट्रातील रहिवाशाला मिळणारे सर्वांत मोठे संरक्षण शासनाकडूनच मिळते आणि त्यासाठी हप्ता भरावा लागत नाही. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना पूर्वी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ओळखली जात होती. जुलै २०१२ मध्ये ती ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. त्या काळी पिवळी, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबांना वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. शासनाच्या २८ जुलै २०२३ च्या निर्णयानुसार ही मर्यादा प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख रुपये झाली आणि पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही योजनेत आली. ‘आमचे कार्ड पांढरे आहे, आम्हाला काही मिळत नाही’ हा समज अजूनही अनेक घरांत टिकून आहे. तो आता चुकीचा आहे.

या योजनेचा लाभ घेताना खरी अडचण येते ती शिधापत्रिकेतील नावांमुळे. कोकणातील कुटुंब एका गावात क्वचितच राहते. आईवडील गुहागरला, थोरला मुलगा डोंबिवलीला, धाकटा पुण्याला अशी विभागणी सर्रास आढळते. मुंबईत नवे कार्ड काढण्यासाठी मुलाचे नाव गावच्या कार्डातून कमी केले जाते आणि पुढे नव्या कार्डाचे काम रखडते, तेव्हा त्याचे नाव दोन्हीकडे नसते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेले असते, पण सासरच्या कार्डात चढवायचे राहून जाते. लहान मुलांची नावे शाळेचा दाखला घेताना आठवतात, कार्डाच्या बाबतीत मात्र विसरली जातात. शिवाय कार्डावरील ‘सुनिता’ आधारवर ‘सुनीता’ असते, किंवा एका कागदावर वडिलांचे नाव आणि दुसऱ्यावर पतीचे नाव असते.

ही दुरुस्ती रुग्ण खाटेवर असताना करावी लागू नये. तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत किंवा आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज देऊन नावे वाढवणे, कमी करणे आणि दुरुस्त करणे शक्य आहे. सोबत जन्मदाखला, विवाहाचा दाखला किंवा जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो. गणपतीला सगळे कुटुंब गावी एकत्र येते. त्या आठ-दहा दिवसांत सर्वांची आधारकार्डे आणि शिधापत्रिका एकत्र ठेवून नावे, जन्मतारखा आणि मोबाइल क्रमांक ताडून पाहण्याइतके उपयुक्त दुसरे काम नाही. ज्यांच्याकडे शिधापत्रिका नाही, त्यांनी अधिवास प्रमाणपत्र किंवा तहसीलदारांचा दाखला चालेल का, याची चौकशी योजनेच्या हेल्पलाइनवर आधीच करून ठेवावी.

जन आरोग्य योजनेत उपचार घेताना

केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात ती महात्मा फुले योजनेशी जोडून राबवली जाते, त्यामुळे एकाच रुग्णालयात दोन्ही योजनांचे लाभार्थी दिसतात. दोन्हींमध्ये एक महत्त्वाचा फरक आहे. आयुष्मानच्या केंद्रीय यादीतील लाभार्थ्याला योजनेत सहभागी असलेल्या इतर राज्यांतील अंगीकृत, म्हणजे योजनेशी करार केलेल्या, रुग्णालयांतही उपचार घेता येतात. केवळ राज्य योजनेचा लाभार्थी असलेल्याने मात्र राज्याबाहेर जाण्यापूर्वी खात्री करून घेणे आवश्यक आहे. गोव्यात जाणाऱ्या सिंधुदुर्गवासीयांसाठी हा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण २०१८ पासून बांबोळीच्या शासकीय रुग्णालयात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क आकारण्याचे धोरण आले. आपले कार्ड तेथे कोणत्या उपचारासाठी चालते, हे रुग्णवाहिकेत बसल्यावर विचारण्याची वेळ येऊ नये.

योजनेत तेराशेहून अधिक उपचार ठरलेले आहेत आणि प्रत्येकासाठी पॅकेजची रक्कम निश्चित आहे. दाखल झाल्यापासूनच्या तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि घरी सोडल्यानंतरच्या काही दिवसांची फेरतपासणी यांचा त्यात समावेश असतो. मात्र यादीबाहेरचा आजार, बाह्यरुग्ण विभागातील किरकोळ तपासणी किंवा अंगीकृत नसलेले रुग्णालय यांना हे संरक्षण लागू होत नाही. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव ठेवलेले आहेत. एखादे खासगी रुग्णालय हृदयासाठी अंगीकृत असेल, पण हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी नसेल, असेही घडते. म्हणून ‘तुमच्याकडे महात्मा फुले योजना आहे का?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘या आजारासाठी आहे का?’ हेही विचारावे.

रुग्णालयात पोहोचल्यावर पहिली भेट आरोग्यमित्राची घ्यावी. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात योजनेचा हा प्रतिनिधी दर्शनी भागातील कक्षात बसलेला असतो. तो कागदपत्रे तपासून नोंदणी करतो, त्यानंतर रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागते आणि मंजुरी मिळाल्यावर नियोजित उपचार सुरू होतात. तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागदपत्रे नंतर देण्याची सोय आहे. सर्वांत मोठी चूक येथे होते: घाईत रुग्णाला आधी ‘पैसे भरणारा रुग्ण’ म्हणून दाखल केले जाते, हजारो रुपये भरले जातात आणि दोन दिवसांनी योजना आठवते. तोपर्यंत झालेला खर्च परत मिळवणे अतिशय कठीण असते. दाखल होतानाच ‘योजनेतून उपचार हवे आहेत’ असे सांगावे आणि तशी नोंद झाल्याचे पाहावे.

मंजूर पॅकेजमधील उपचारासाठी रुग्णालयाने वेगळे पैसे मागणे नियमबाह्य आहे. तसे झाल्यास पावती मागावी आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अंगीकृत रुग्णालयांची यादी बदलत असते, त्यामुळे आपल्या कागदावरील तिन्ही नावे वर्षातून एकदा या क्रमांकावर विचारून घ्यावीत.

सत्तरी ओलांडलेल्यांसाठी

गावात दोघेच राहणारे वृद्ध आईवडील हे आज कोकणातील असंख्य घरांचे वास्तव आहे आणि त्यांच्यासाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून मिळू लागलेले आयुष्मान वय वंदना कार्ड हा खरोखर मोठा आधार आहे. वय ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. कुटुंबाला आधीपासून आयुष्मानचे संरक्षण असेल, तर हे पाच लाख वेगळे असतात, परंतु घरात सत्तरी ओलांडलेले दोघे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून असते. खासगी पॉलिसी किंवा राज्य कामगार विमा असला तरी हे कार्ड काढता येते. केंद्र सरकारी आरोग्य योजना किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस यांसारख्या योजनांच्या लाभार्थ्यांना मात्र दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. ज्या माजी सैनिकाला आपल्या योजनेतून नीट उपचार मिळत आहेत, त्याने पूर्ण विचार केल्याशिवाय ती सोडू नये.

वय आधारकार्डावरून ठरते. जन्मदाखला नसलेल्या अनेक वृद्धांच्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी ही तारीख आणि चुकीचे वर्ष नोंदवलेले असते. प्रत्यक्षात ७३ वर्षांची आजी आधारवर ६८ वर्षांची असेल, तर कार्ड निघणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला किंवा ग्राह्य धरला जाणारा अन्य पुरावा शोधून ही दुरुस्ती आधीच करून घ्यावी. कार्ड आयुष्मान ॲपवरून घरबसल्या काढता येते, सेवा केंद्रातही निघते आणि गावातील आशाताई त्यासाठी मदत करतात. बोटांचे ठसे पुसट झालेल्या ज्येष्ठांची ओळख चेहऱ्यावरून किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीवरून पटवता येते. तो मोबाइल क्रमांक चालू आहे ना, एवढे आधी पाहावे.

नोकरीतून मिळणारे संरक्षण

लोटे-परशुराम, महाड, रोहा, मिरजोळे किंवा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराने आपल्या कारखान्याला राज्य कामगार विमा लागू आहे का, हे वेतनपत्रकावरून तपासावे. कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जमा होते. १८,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराचे महिन्याला १३५ रुपये जातात, मालक ५८५ रुपये भरतो आणि त्या मोबदल्यात कामगारासह त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना वैद्यकीय सेवा मिळते. आजारपणातील रजेचे पैसेही यातच येतात, जे कोणतीही साधी खासगी पॉलिसी देत नाही. ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगारांची नोंदणी अनेकदा अपुरी राहते, म्हणून विमा क्रमांक स्वतःकडे असावा आणि त्यात पत्नी, मुले, आईवडील यांची नावे चढलेली असावीत.

मुंबई-पुण्यातील कंपनीच्या सामूहिक पॉलिसीत मुलाने गावच्या आईवडिलांची नावे घातली असतील तर उत्तमच. कारण अशा पॉलिसीत जुन्या आजारांनाही बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. तथापि नोकरी गेली की हे छत्र जाते. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि तिचा विचार शेवटच्या दिवसापूर्वीच करायला हवा. केवळ कंपनीच्या पॉलिसीवर विसंबून पन्नाशी गाठणे मला धोक्याचे वाटते, कारण त्या वयात रक्तदाब-मधुमेहासह नवी पॉलिसी घेणे महाग पडते आणि जुन्या आजारांना तिचे संरक्षण सुरू होईपर्यंत थांबावेही लागते.

खासगी पॉलिसी: हप्ता पाहण्यापूर्वी काय पाहावे

शासकीय योजना हाताशी असताना खासगी पॉलिसी कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. यादीबाहेरचे उपचार, अंगीकृत नसलेले रुग्णालय, स्वतःच्या पसंतीचे डॉक्टर आणि पाच लाखांपुढचा खर्च, हे त्याचे उत्तर. ज्यांचे उत्पन्न बेताचे आहे त्यांनी कर्ज काढून हप्ता भरू नये. शासकीय योजनेची कागदपत्रे पक्की करणे हाच त्यांच्यासाठी योग्य मार्ग आहे. ज्यांना झेपते, त्यांनी मात्र निरोगी असतानाच पॉलिसी घ्यावी.

येथे कोकणातील माणसाने सर्वप्रथम झोनची अट पाहावी. अनेक कंपन्या शहरांचे गट पाडतात. मुंबई परिसरासाठी हप्ता जास्त आणि लहान गावांसाठी कमी असतो. राजापूरच्या पत्त्यावर घेतलेली पॉलिसी म्हणूनच स्वस्त पडते. परंतु त्यातील काही पॉलिसींमध्ये अशी अट असते की वरच्या गटातील शहरात उपचार घेतल्यास बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाने स्वतः सोसावा. हा हिस्सा २० टक्के असेल आणि मुंबईत चार लाखांचे बिल झाले, तर ८०,००० रुपये खिशातून जातील. दरवर्षी हप्त्यात वाचलेले दोन-तीन हजार मग कोठे पुरणार? ज्या कुटुंबाच्या कागदावर तिसरे नाव मुंबईचे आहे, त्याने अशी अट नसलेली किंवा वरच्या झोनची पॉलिसी घ्यावी. ज्यांचे तिसरे नाव कोल्हापूर किंवा कऱ्हाडचे आहे, त्यांना खालच्या झोनची पॉलिसी पुरेशी ठरू शकते. पत्ता मात्र खरा द्यावा. मुंबईत राहून गावचा पत्ता दिल्याचे दाव्याच्या वेळी उघड झाले तर वाद ओढवतो.

दुसरी बाब खोलीच्या भाड्याची. समजा, पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये आहे आणि रुग्ण ८,००० रुपयांच्या खोलीत पाच दिवस राहिला. नातेवाइकांना वाटते की रोजचे ३,००० रुपये, म्हणजे एकूण १५,००० रुपये आपण भरू. प्रत्यक्षात शस्त्रक्रियेचे, भूलतज्ज्ञाचे, शुश्रूषेचे असे खोलीच्या दर्जाशी जोडलेले इतर खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच या हिशेबाने कापले जातात. असे खर्च १,६०,००० रुपये असतील, तर कंपनी एक लाख देईल आणि ६०,००० रुपये रुग्णाकडे राहतील. खोलीचे १५,००० धरून हा भुर्दंड ७५,००० रुपयांवर जातो. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवलेली उपकरणे यांना ही कपात लावता येत नाही. शक्य असल्यास खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी आणि मर्यादा असेल तर दाखल होतानाच त्या दराची खोली मागावी.

तिसरी बाब प्रतीक्षाकाळाची. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले ३० दिवस अपघात वगळता इतर आजारांसाठी दावा चालत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, गुडघ्याचे सांधेरोपण अशा ठरावीक उपचारांसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या आजारांसाठी कंपनीला जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ ठेवता येतो. एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. म्हणूनच पावसाळ्यातील लेप्टो किंवा डेंग्यूची साथ सुरू झाल्यावर पॉलिसीसाठी धावणे व्यर्थ ठरते. भाताच्या खाचरात उतरणाऱ्यांनी किंवा माकडतापाचे रुग्ण आढळलेल्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांनी हा महिनाभराचा अवधी ध्यानात घेऊन वेळेआधी सोय करावी.

प्रस्तावपत्र भरताना रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, तंबाखूचे व्यसन यांपैकी काहीही लपवू नये. एजंट ‘हे लिहू नका, हप्ता वाढेल’ असे सांगत असेल तर तो एजंट बदलावा. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, पण त्या पाच वर्षांच्या आत दडवलेला मधुमेह उघड झाला तर ऐन गरजेच्या वेळी पॉलिसी हातची जाते. पॉलिसी हातात आल्यावर ती वाचून पसंत न पडल्यास ३० दिवसांत परत करता येते. या मुदतीत ती खरोखर वाचावी, निदान वगळलेल्या बाबींचे पान तरी.

आणखी एक अट लहान गावांत हमखास आडवी येते. विमा कंपनीच्या व्याख्येत रुग्णालय म्हणजे कायद्याखाली नोंदणी झालेली संस्था. अशी नोंदणी नसल्यास दहा लाखांहून कमी लोकवस्तीच्या गावात किमान दहा खाटा, चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका आणि पात्र डॉक्टर, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी या अटी पूर्ण व्हाव्या लागतात. तालुक्याच्या गावातील पाच-सहा खाटांचे नर्सिंग होम, तेथील डॉक्टर कितीही निष्णात आणि सेवाभावी असले तरी, नोंदणीशिवाय या व्याख्येत बसत नाही आणि दावा फेटाळला जातो. आपल्या यादीतील पहिल्या रुग्णालयाकडे नोंदणी प्रमाणपत्र आहे का, हे तेथील कार्यालयात नम्रपणे विचारावे. ते दर्शनी भागात लावलेलेही असते.

हप्त्याचा अंदाज कसा बांधावा? तिशीतील निरोगी व्यक्तीच्या पाच लाखांच्या पॉलिसीचा वार्षिक हप्ता साधारणपणे सहा ते दहा हजार रुपयांच्या घरात असतो, तर साठी ओलांडलेल्या जोडप्यासाठी तो तीस-चाळीस हजार किंवा त्याहूनही पुढे जातो. संपूर्ण कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीत हप्ता सर्वांत वयस्क सदस्याच्या वयावर बेतलेला असतो. म्हणून आईवडिलांना मुलांच्या पॉलिसीत न घालता त्यांची पॉलिसी वेगळी ठेवणे बहुधा फायद्याचे ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसींवरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे. २०,००० रुपयांच्या हप्त्यावर पूर्वी ३,६०० रुपये कर लागत असे. तरीही नूतनीकरणाच्या वेळी मूळ हप्ता वाढला आहे का, हे गेल्या वर्षीच्या पावतीशी ताडून पाहावे. ज्येष्ठ नागरिकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल, तर विमा नियामकाशी आधी विचारविनिमय करण्याचे बंधन जानेवारी २०२५ पासून कंपन्यांवर आहे.

कमी पैशांत मोठे संरक्षण हवे असेल, तर मूळ पॉलिसीवर सुपर टॉप-अप घ्यावा. उदाहरणार्थ, मूळ पॉलिसी पाच लाखांची आणि त्यावर पाच लाखांच्या वजावटीचा, म्हणजे वर्षातील पहिले पाच लाख सोडून त्यापुढचा खर्च देणारा, सुपर टॉप-अप आहे. वर्षभरात एकदा तीन लाख आणि नंतर चार लाख असा सात लाखांचा खर्च झाला, तर पहिले पाच लाख मूळ पॉलिसी देईल आणि उरलेले दोन लाख सुपर टॉप-अप. साधा टॉप-अप मात्र प्रत्येक वेळचे बिल स्वतंत्रपणे मोजतो. येथे एकही बिल पाच लाखांवर नसल्याने तो काहीच देणार नाही. शासकीय योजनेचे पाच लाख आणि त्यावर टॉप-अप असे गणित मात्र मांडू नये. योजनेतील उपचार पॅकेजवर होतात आणि रुग्णाच्या नावे तसे बिल निघत नाही, त्यामुळे वजावट पूर्ण झाल्याचे दाखवणे अवघड जाते.

ज्यांना वेगवेगळ्या अटींचा गुंता नको असेल, त्यांनी आरोग्य संजीवनी ही प्रमाणित पॉलिसी पाहावी. एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्या तिच्या मूळ अटी एकसारख्या ठेवून ती विकतात, त्यामुळे तुलना केवळ हप्त्याची आणि सेवेची उरते. तिच्यात प्रत्येक दाव्याचा पाच टक्के भाग स्वतः सोसावा लागतो, खोलीभाडे विमा रकमेच्या दोन टक्के आणि कमाल ५,००० रुपये प्रतिदिन इतके मिळते आणि रुग्णवाहिकेसाठी दर दाखल होण्यास २,००० रुपये मिळतात. गावातून घाटमाथ्यावर सुसज्ज रुग्णवाहिका करण्याचा खर्च यात भागत नाही, हे लक्षात असावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य असल्याने पहिला फोन तिलाच करावा.

हप्ता कोणत्या महिन्यात येतो, हेही ठरवून घ्यावे. आंबा बागायतदाराच्या हाती पैसा मेअखेरीस खेळतो. हर्णै, मिरकरवाडा, मालवणच्या मच्छीमारांचे जून-जुलैचे बंदीचे महिने कोरडे जातात. पॉलिसी पहिल्यांदा घेतानाच महिना असा निवडावा की नूतनीकरण हंगामानंतर येईल. वार्षिक हप्ता चुकल्यास ३० दिवसांची सवलत मिळते आणि प्रतीक्षाकाळाची वर्षे वाया जात नाहीत, पण हप्ता भरेपर्यंतच्या त्या दिवसांतील आजारपणाला संरक्षण नसते. हप्ता रोखीने भरू नये. जुन्या करप्रणालीत कलम ८०ड खाली स्वतःच्या कुटुंबासाठी २५,००० आणि ज्येष्ठ आईवडिलांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, आणि रोख हप्त्याला ती मिळत नाही.

पासबुकातले वीस रुपये आणि अपघाताचे संरक्षण

बँकेतून दरवर्षी २० रुपये कापले जातात, म्हणजे ‘आमचा विमा आहे’ असे पुष्कळ लोक मानतात. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असून अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दोन लाखांपर्यंत रक्कम देते. ४३६ रुपयांची जीवन ज्योती योजना ही जीवनविम्याची आहे. रुग्णालयाचे बिल या दोन्हींतून मिळत नाही. तरीही दोन्ही चालू ठेवाव्यात.

सागरी मच्छीमारांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली सामूहिक अपघात विमा आहे: मृत्यू किंवा पूर्ण कायम अपंगत्वासाठी पाच लाख, अंशतः कायम अपंगत्वासाठी अडीच लाख आणि अपघातामुळे दाखल व्हावे लागल्यास २५,००० रुपये. हप्ता सरकार भरते, पण नोंदणी लागते. बोटीवरील तांडेल आणि खलाशी यांनी आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेत ती तपासावी. शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना असून तिच्यात सर्पदंश आणि विंचूदंशाचाही समावेश आहे. फुरसे आणि विंचू यांचा वावर असलेल्या आपल्या पट्ट्यात ही माहिती घरोघरी असायला हवी. मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाल्यास, २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळू शकतात.

दाखल होताना आणि दावा अडल्यास

नियोजित शस्त्रक्रिया असेल तर किमान दोन दिवस आधी आणि तातडीने दाखल झाल्यास ४८ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावे. २०२४ च्या नियमांनुसार रोकडरहित मंजुरीचा निर्णय कंपनीने एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. कंपनीच्या जाळ्याबाहेरच्या, म्हणजे तिच्याशी करार नसलेल्या, रुग्णालयातही आगाऊ कळवल्यास रोकडरहित सोय मिळू शकते, मात्र रुग्णालयाची तयारी असायला हवी. ती नसेल तर सर्व बिले मूळ स्वरूपात, औषधांच्या चिठ्ठ्या आणि अहवालांसह जपून ठेवावीत. डिस्चार्ज कार्डावर ‘आजार किती वर्षांपासून’ या रकान्यात जे लिहिले जाते, त्यावर दाव्याचे भवितव्य ठरते. रुग्णाने सांगितलेला कालावधी तेथे बरोबर लिहिला आहे ना, हे घरी निघण्यापूर्वी वाचावे.

दावा नाकारला तर लेखी कारण मागावे आणि पॉलिसीतील कोणत्या कलमाखाली नाकारला, याचा उल्लेख त्यात असावा. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. विमा नियामकाच्या बिमा भरोसा या सुविधेवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

ज्यांच्याकडे कोणतीच पॉलिसी नाही आणि आजार शासकीय योजनेच्या यादीत बसत नाही, त्यांनी धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांची चौकशी करावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१कक खाली अशा मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते आणि रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे लागते. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीसाठीही अर्ज करता येतो, परंतु उपचाराचे अंदाजपत्रक जोडून आणि रुग्ण दाखल असतानाच. घरी परतल्यावर केलेल्या अर्जाच्या आशेवर राहू नये.